तबकड्यांचा पांगलेला बाजार

२००७च्या सुमारास किराणा दुकानांच्या गल्ल्याजवळ, बिस्किटांच्या बरण्यांशेजारी एक नवा माल टांगलेला दिसू लागला. आत हिंदी सिनेमा, वर नायक-नायिकेचा फोटो आणि किंमत छापील: व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये. माल होता मोझर बेअर या नोएडाच्या कंपनीचा. १९८३ साली सुरू झालेली ही कंपनी तोवर कोऱ्या सीडी आणि डीव्हीडी बनवणाऱ्या जगातल्या मोजक्या बड्या कारखानदारांत जाऊन बसली होती. तिने चित्रपटांच्या घरगुती वितरणाचे हक्क घाऊक भावात विकत घेतले, आपल्याच यंत्रांवर तबकड्या छापल्या आणि सिनेमाला साबण-काडेपेटीच्या रांगेत आणून ठेवलं.

त्याआधी ओरिजिनल सीडी ही दुकानाच्या काचेमागची चीज होती. मध्यमवर्गीय घर ती क्वचितच विकत घेई. एरवी गल्लीतली सीडी लायब्ररी होती, नाहीतर फुटपाथवरचा डुप्लिकेट माल. मोझर बेअरने भाव थेट या डुप्लिकेटच्या भावाशी आणून भिडवला. चोरीचा माल आणि अस्सल माल एकाच किमतीत मिळणार असेल तर गिऱ्हाईक अस्सल उचलेल, असा तो सरळ हिशेब होता. इतर कंपन्यांनाही भाव खाली आणावे लागले. पुढची काही वर्षं भारतात चित्रपट विकत घेऊन घरात ठेवणं ही अगदी साधी गोष्ट झाली. आज ज्या घरांच्या माळ्यावर, टीव्हीखालच्या खणात किंवा चपलांच्या रिकाम्या खोक्यात सीडींचे गठ्ठे पडून आहेत, त्यातला मोठा भाग याच काळातला आहे.

ते गठ्ठे कुणाच्या कामाचे आहेत, ते कुठे विकले जातात आणि नव्या तबकड्या आता कोण घेतं, हे समजून घ्यायचं तर हा बाजार कसा भरला आणि कसा पांगला ते पाहावं लागतं.

व्हीसीडीचं तंत्र १९९३ साली आलं. अमेरिका-युरोपात ते फारसं रुजलं नाही. तिथले लोक व्हीएचएस कॅसेटवरून थेट डीव्हीडीवर गेले. आशियात मात्र त्याने बस्तान बसवलं. हाँगकाँगपासून मुंबईपर्यंतच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीला बुरशी धरायची, तबकडीला तो त्रास कमी. चिनी बनावटीचे प्लेअर स्वस्त मिळू लागले. शिवाय व्हीसीडीला ना देशागणिक कुलूप होतं, ना नक्कल रोखणारी काही सोय. चित्राचा दर्जा मात्र बेताचा, आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके, म्हणजे कॅसेटच्याच तोडीचा. एका तबकडीत साधारण ७४ मिनिटांचं चित्र मावायचं. अडीच-तीन तासांचा हिंदी चित्रपट त्यामुळे दोन किंवा तीन सीडींच्या संचात यायचा आणि गाणं संपून मारामारी सुरू होण्याच्या बेताला कुणीतरी उठून सीडी बदलायची, हा घरोघरचा रिवाज होता. नोव्हेंबर १९९६मध्ये जपानात पहिल्यांदा विक्रीला आलेली डीव्हीडी या मानाने फार पुढची. एका थरात ४.७ जीबी माहिती, पूर्ण चित्रपट एकाच तबकडीत, वर भाषा आणि उपशीर्षकं निवडायची सोय. भारतात दोन्ही प्रकार कितीतरी वर्षं शेजारी-शेजारी विकले गेले.

मुंबईत या व्यापाराच्या तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात वर काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस, १९४०च्या दशकापासून चाललेलं. रेकॉर्ड, कॅसेट, सीडी, डीव्हीडी अशी प्रत्येक पिढीची वस्तू या एका दुकानाने विकली, आणि तिथल्या सेल्समनला चित्रपटाचं नाव न आठवणाऱ्या गिऱ्हाइकाला नुसत्या गोष्टीवरून तबकडी काढून देता येते अशी त्यांची ख्याती होती. त्याच पायरीवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या टाइम्सच्या इमारतीतलं प्लॅनेट एम. जागतिक सिनेमाचं वेड लागलेल्या तरुणांसाठी पॅलाडोर, एनडीटीव्ही ल्युमिए, एनलाइटन या कंपन्यांनी २००८ नंतरच्या काही वर्षांत परदेशी अभिजात चित्रपट भारतातच छापून आणले. कुरोसावा आणि बर्गमन रास्त किमतीत, रीतसर, पावतीसह मिळण्याचा तो छोटासा काळ होता. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानेही (एनएफडीसी) 'सिनेमाज ऑफ इंडिया' या मालिकेत 'जाने भी दो यारो'सारखे आपले चित्रपट साफसूफ करून डीव्हीडीवर आणले.

दुसरी पायरी लॅमिंग्टन रोड आणि उपनगरांतल्या स्टेशनबाहेरच्या दुकानांची. तिसरी पायरी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटची आणि फुटपाथची. तिथली भाषा वेगळी. 'कॅमेरा प्रिंट' म्हणजे थिएटरात बसून चोरून टिपलेली, मधून कुणाचं तरी डोकं हलणारी प्रत. 'मास्टर प्रिंट' म्हणजे कुठल्यातरी ओरिजिनलवरून उतरवलेली स्वच्छ प्रत. 'फाइव्ह-इन-वन' म्हणजे एका डीव्हीडीत दाबून बसवलेले पाच चित्रपट. शुक्रवारी लागलेला सिनेमा शनिवारी या पायरीवर हजर असे. २००९ साली राज्य सरकारने झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठीच्या १९८१च्या प्रतिबंधक कायद्यात व्हिडिओ पायरेट ही वर्गवारीही घातली. त्या कायद्याखाली माणसाला खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. सीडी विकणाऱ्यासाठी एवढा कठोर कायदा, यावरून चित्रपट उद्योगाला बसणारी झळ केवढी होती ते कळतं.

पण स्वस्त तबकडीने नुसती चोरीच वाढवली असं म्हणणं अन्यायाचं होईल. मालेगावचं उदाहरण घ्यावं. यंत्रमागांच्या या गावात नासीर शेख या व्हिडिओ पार्लरवाल्याने २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. नट गावातले, खर्च सुमारे पन्नास हजार, घोड्यांच्या जागी सायकली. गावाने तो डोक्यावर घेतला. पुढे मालेगावातून स्थानिक बोलीतल्या विनोदी चित्रपटांची रीघ लागली आणि हे चित्रपट खानदेशच्या बाजारांत व्हीसीडीवर विकले गेले. ना वितरक, ना थिएटर, ना मुंबईची परवानगी. कॅमेरा, संगणक आणि सीडी छापून देणारा एक दुकानदार एवढ्यावर एक छोटा चित्रपटधंदा उभा राहिला. फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने आणि नंतर रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'ने ही गोष्ट जगभर नेली.

गोव्यात तियात्राचं, म्हणजे तिथल्या कोकणी संगीत-नाटकाचं, तेच झालं. मडगाव-म्हापशाच्या दुकानांत कोकणी तियात्रांच्या आणि खास सीडीसाठीच काढलेल्या कोकणी चित्रपटांच्या तबकड्या मांडलेल्या असत. आखातात किंवा इंग्लंडमध्ये नोकरीला असलेला गोंयकार सुट्टी संपवून परत जाताना त्या पिशवीत घालून नेई. महाराष्ट्रात हाच मान मराठी नाटकांना मिळाला. 'वस्त्रहरण', 'सही रे सही', पु. ल. देशपांडे यांचे कार्यक्रम ज्यांना कधी नाट्यगृहात पाहता आले नाहीत त्यांनी ते व्हीसीडीवर पाहिले. न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या मराठी घरांत भारतवारीच्या सामानात मसाल्यांच्या पुड्यांबरोबर नाटकांच्या सीडी असायच्याच. तिकडच्या देशी किराणा दुकानांतही हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी भाड्याने मिळत. डाळ-तांदूळ घेतानाच आठवड्याचा सिनेमा ठरायचा.

भाड्याचा धंदा आपल्याकडे जुना. शेमारू ही आजची मोठी कंपनी १९६२ साली मुंबईत पुस्तकांची फिरती लायब्ररी म्हणून सुरू झाली आणि १९७९मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने देऊ लागली. पुढे गल्लोगल्लीच्या सीडी लायब्ररींनी हाच वसा घेतला, आणि जुन्या झालेल्या, कमी मागणीच्या तबकड्या त्या लायब्ररीच स्वस्तात विकून टाकत. सेकंड-हँड सीडीचं भारतातलं पहिलं दुकान म्हणजे खरं तर लायब्ररीचा हा कोपरा.

इथे कायद्याची एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. पुस्तक एकदा विकत घेतलं की ते पुढे विकायला लेखकाला किंवा प्रकाशकाला विचारावं लागत नाही. अमेरिकेत हे तत्त्व १९०८ सालच्या एका खटल्यात पक्कं झालं. एका प्रकाशकाने कादंबरीवर छापलं होतं की ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकणं म्हणजे हक्कभंग; मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली, आणि सर्वोच्च न्यायालयाने दुकानाची बाजू घेतली. अमेरिकेतला जुन्या तबकड्यांचा अवघा व्यापार या तत्त्वावर उभा आहे. भारतीय कायद्यात चित्रपटाला पुस्तकापेक्षा कडक नियम होता. प्रत आधी विकली गेली असो वा नसो, ती विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क चित्रपटाच्या मालकाकडेच, अशी शब्दरचना कॉपीराइट कायद्यात होती. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच आधारावर वॉर्नर ब्रदर्सच्या बाजूने निकाल दिला. दिल्लीतली एक व्हिडिओ लायब्ररी परदेशात रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडी भाड्याने देत होती. तबकड्या अस्सल असूनही न्यायालयाने तो हक्कभंग ठरवला. २०१२च्या दुरुस्तीत 'आधी विकली गेली असो वा नसो' हा भाग वगळला गेला आणि भाड्याच्या जागी 'व्यापारी भाडे' असा नेमका शब्द आला. आपण विकत घेतलेली वस्तू आपण विकू शकावी, हे सामान्य माणसाला इतकं उघड वाटतं. कायद्याला तिथवर यायला मात्र वेळ लागला.

आणि तो आला तेव्हा बाजार ओसरू लागला होता. इंटरनेट स्वस्त झालं, पेनड्राइव्हवर सिनेमे फिरू लागले, मग मोबाइलवर. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी ऱ्हिदम हाउसने दार बंद केलं. शेवटच्या दिवसांत जुन्या गिऱ्हाइकांची तिथे रीघ लागली होती. सप्टेंबर २०१८मध्ये मोझर बेअर अवसायनात काढण्याचा आदेश झाला. त्याच्या महिनाभर आधी ईबे इंडिया बंद झालं होतं. ही तिसरी घटना कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही, पण चोखंदळ संग्राहकांना तिचा फटका मोठा बसला, कारण नागपूरच्या माणसाकडची जुनी डीव्हीडी कोचीच्या माणसाने बोली लावून घ्यावी अशी ती जागा होती.

अमेरिकेतली पडझड याहून मोठी, कारण तिथला डोंगरही मोठा होता. २००५च्या आसपास तिथे वर्षाला सुमारे १६ अब्ज डॉलरच्या डीव्हीडी विकल्या जात. २०२४मध्ये सगळ्या प्रकारच्या तबकड्या मिळून विक्री एक अब्ज डॉलरच्याही खाली आली. आज ज्या नेटफ्लिक्सला सारे दोष देतात तिची सुरुवातही याच बाजारात झाली. १९९८ साली ती डीव्हीडी भाड्याने देणारी आणि विकणारीही कंपनी होती, आणि सुरुवातीच्या महिन्यांत तिचं बहुतेक उत्पन्न विक्रीतूनच येई. अ‍ॅमेझॉन डीव्हीडी विकायला उतरणार हे दिसताच तिने विक्री सोडली आणि टपालाने भाड्यावर सगळा भर दिला. २९ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटचं लाल पाकीट रवाना झालं तोवर तिने पाच अब्जांहून जास्त तबकड्या पाठवल्या होत्या. बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्सच्या बड्या साखळीने २०२४मध्ये चित्रपटांच्या तबकड्या ठेवणं बंद केलं. त्याच वर्षी रेडबॉक्स बुडाली. सुपरमार्केटच्या दाराशी उभ्या असणाऱ्या तिच्या लाल पेट्यांतून डीव्हीडी भाड्याने मिळत आणि वापरलेल्या विकतही. बुडाली तेव्हा अशा वीस हजारांहून जास्त पेट्या जागोजाग उभ्या होत्या.

तरीही बाजार संपला नाही. तो सगळ्यांचा होता, तो जाणकारांचा झाला.

हे जाणकार विकत घेतात कुठून? नव्या मालासाठी छोट्या प्रकाशनसंस्था आहेत. त्यांत सगळ्यात मानाची न्यूयॉर्कची क्रायटेरियन, १९८४ साली 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग'च्या लेझरडिस्क काढून सुरू झालेली. तज्ज्ञाने चित्रपटावर बोललेलं समालोचन वेगळ्या ध्वनिपट्टीवर देण्याची प्रथा तिच्याच 'किंग काँग'ने घातली. बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानात क्रायटेरियनच्या तबकड्या दर जुलै आणि नोव्हेंबरमध्ये निम्म्या किमतीत मिळतात आणि अमेरिकेतले संग्राहक वर्षभराची खरेदी त्या महिन्यांसाठी राखून ठेवतात. ब्रिटनमध्ये अ‍ॅरो, सेकंड रन, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट हे काम करतात. हिमांशू राय यांचे 'शिराज' आणि 'अ थ्रो ऑफ डाइस' हे मूकपट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तबकडीवर आणले. दोनदा दिवाळखोरीत गेलेली एचएमव्ही ही दुकानांची साखळी २०१९मध्ये एका कॅनेडियन व्यापाऱ्याने विकत घेतली आणि नोव्हेंबर २०२३मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं तिचं मूळ ठिकाण पुन्हा उघडलं.

जुन्या मालाची दुकानं वेगळी. ब्रिटनमध्ये सीईएक्स, जपानात बुक-ऑफ, लॉस एंजेलिसमध्ये अमीबा. रीत सगळीकडे सारखीच: तबकड्यांची पिशवी काउंटरवर द्यायची, दुकानदार बारकोड वाचून भाव सांगतो आणि दोन आकडे पुढे ठेवतो. रोख हवी असेल तर कमी, त्याच दुकानातून खरेदी करणार असाल तर जास्त. गाजलेल्या, लाखोंनी छापल्या गेलेल्या चित्रपटाला जवळजवळ काहीच मिळत नाही. ज्या चित्रपटाचे हक्क संपून छपाई थांबली आहे त्याला भरपूर मिळतं.

छपाई थांबणं ही या बाजाराची किल्ली आहे. २०१०मध्ये स्टुडिओकॅनाल या फ्रेंच कंपनीबरोबरचा क्रायटेरियनचा करार संपला आणि 'द थर्ड मॅन'ची तिची ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेली जास्त सुस्पष्ट तबकडी, बाजारातून गेली. लगेच तिचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर चढला. त्याहून प्रसिद्ध गोष्ट पासोलिनीच्या 'सालो'ची. क्रायटेरियनने १९९८ साली काढलेली तिची डीव्हीडी हक्कांच्या अडचणीने लवकरच मागे घ्यावी लागली. पुढची दहा वर्षं ती शेकडो डॉलरना विकली गेली आणि तिच्या नकला इतक्या निघाल्या की तबकडीच्या मधल्या छिद्राभोवतीचं कडं पाहून अस्सल कोणती ते ओळखायला लोक शिकले. २००८मध्ये क्रायटेरियनने ती नव्याने काढली तेव्हा भाव कोसळला.

जुनी तबकडी पारखणं ही आता एक विद्याच झाली आहे. हातात घेतली की पहिल्यांदा ती बल्बखाली तिरकी धरायची. केंद्राकडून कडेकडे गेलेला ओरखडा फारसा नडत नाही, कारण तो प्रत्येक फेऱ्यात क्षणभरच आड येतो आणि प्लेअर तेवढी चूक भरून काढतो. गोल, माहितीच्या रेघेला समांतर गेलेला ओरखडा मात्र चित्र अडकवतो. म्हणूनच तबकडी पुसताना गोल न फिरवता मधून बाहेर पुसावी. व्हीसीडीची चित्राची बाजू, म्हणजे छापील वरची बाजू, जास्त नाजूक: माहितीचा थर लेबलच्या अगदी खाली असतो आणि तिथे पिन लागली तरी माहिती गेली. डीव्हीडी दोन पातळ चकत्या चिकटवून बनते, तिचा थर मधोमध सुरक्षित. ब्लू-रेचा थर खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो, पण तिला मुळातच ओरखडा सहजी न उठणारा कडक लेप दिलेला असतो. खालची बाजू चंदेरी असेल तर तबकडी कारखान्यात छापलेली. जांभळट किंवा निळसर असेल तर ती घरच्या-दुकानच्या रायटरवर उतरवलेली, मग वरचं लेबल कितीही देखणं असो. भारतीय तबकडीवर आणखी एक खूण बघायची. कायद्याप्रमाणे तिच्यावर निर्मात्याचं नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत असायलाच हवी.

कितीही जपली तरी तबकडी अमर नाही. २००६ ते २००८च्या सुमारास छापलेल्या वॉर्नरच्या बऱ्याच डीव्हीडी एकही ओरखडा नसताना बंद पडू लागल्या. आतले थर खराब झाले होते. २०२५मध्ये कंपनीने दोष मान्य करून शक्य तिथे तबकड्या बदलून द्यायला सुरुवात केली. जुना गठ्ठा विकत घेणारे म्हणूनच आता फक्त चकाकी पाहत नाहीत, चित्रपट शेवटपर्यंत चालवून पाहतात.

परदेशातून मागवणाऱ्यांना कुलपांची माहिती लागते. डीव्हीडी विकण्यासाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. अमेरिका पहिल्या विभागात, ब्रिटन आणि जपान दुसऱ्या, भारत पाचव्या. ब्लू-रेचे विभाग तीनच, त्यात भारत 'सी' मध्ये आणि ब्रिटन 'बी' मध्ये. लंडनहून हौसेने आणलेली तबकडी इथल्या प्लेअरवर अडली की कारण बहुधा हेच असतं. २०१६पासून आलेल्या फोर-के ब्लू-रेला मात्र असं कुलूप नाही. तबकडी घेण्याआधी पाठीवरची ती छोटीशी खूण पाहणं, एवढ्याने पैसे वाचतात. प्लेअरचंही तेच: ओप्पोने २०१८मध्ये, सॅमसंगने २०१९मध्ये नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं आणि ओप्पोच्या जुन्या प्लेअरना आता वापरलेल्या बाजारात चढा भाव मिळतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मोबाइलवर सिनेमा पाहणाऱ्या तरुणाला पडतो. उत्तर मालकीत आहे. हॉलिवूडच्या कंपन्यांनी चालवलेली अल्ट्राव्हायोलेट ही सेवा जुलै २०१९मध्ये बंद झाली तेव्हा तिच्यात 'विकत घेतलेले' चित्रपट दुसऱ्या सेवांकडे हलवण्याची धावपळ लोकांवर आली. डिसेंबर २०२३मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं की पैसे मोजून घेतलेल्या डिस्कव्हरीच्या मालिका त्यांच्या खात्यातून जाणार. ओरड झाल्यावर नवा करार झाला आणि त्या राहिल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला: जी डिजिटल वस्तू खऱ्या अर्थाने ग्राहकाची होत नाही ती विकताना, हा फक्त परवाना आहे, हे २०२५पासून स्पष्ट सांगावं लागतं. असा परवाना पुढे विकताही येत नाही. वापरलेली डिजिटल गाणी विकू पाहणाऱ्या रीडिजी या कंपनीला अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१८मध्ये मनाई केली. तबकडी मात्र विकता येते, भेट देता येते, मुलांना ठेवता येते. नोव्हेंबर २०२३मध्ये 'ओपनहायमर'ची फोर-के तबकडी आली तेव्हा ती दुकानांतून हातोहात संपली आणि पुन्हा छापावी लागली. या प्रेक्षकांना चित्रपट ऑनलाइन मिळणारच होता, तरी त्यांनी तबकडी घेतली.

भारतीय चित्रपटांसाठी हा प्रश्न आणखी जिव्हाळ्याचा आहे. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. अमेरिकेच्या अकादमी फिल्म आर्काइव्हने ते जळके तुकडे जपले, इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी ते हाताने सांधले आणि २०१५मध्ये क्रायटेरियनने ती त्रयी ब्लू-रेवर आणली. उदय शंकर यांची 'कल्पना' आणि ऋत्विक घटक यांचा 'तिताश एकटि नदीर नाम' हेही क्रायटेरियनकडूनच आले. भारतीय सिनेमाचा इतका मोलाचा ठेवा परदेशी दुकानातून, परदेशी चलनात, टपालखर्च आणि सीमाशुल्क भरून भारतीय रसिकाला विकत घ्यावा लागतो, ही गोष्ट मनाला लागते. त्या तबकड्या इथे रीतसर विकायच्या तर सेन्सॉर प्रमाणपत्र हवं, वितरक हवा आणि हजार-दोन हजार गिऱ्हाइकांसाठी तो खर्च कुणी करत नाही.

आज भारतात तबकडी घ्यायची तर वाटा थोड्या आहेत. ऑनलाइन दुकानांत जुना शिल्लक माल विकणारे छोटे व्यापारी आहेत. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात रेकॉर्ड, कॅसेट आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या संगतीत डीव्हीडीचे ढीग दिसतात. रद्दीवाल्याकडे गेलेले गठ्ठे तिथे पोचतात. भाव ढिगाचा असतो, नगाचा नव्हे, आणि म्हणून शोधणाऱ्याला सवड हवी. हिंदीतले गाजलेले चित्रपट तिथे कवडीमोलाने मिळतात. ते कुठेही मिळतात म्हणून कुणी ते शोधत नाही.

लोक शोधतात ते दुसरंच. एकदाच छापल्या गेलेल्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी, ज्यांतले निम्मे कलाकार आज हयात नाहीत. छोट्या कंपन्यांनी काढलेले साठ-सत्तरच्या दशकातले मराठी चित्रपट, ज्यांच्या कंपन्याच आता उरल्या नाहीत. मालेगावचे जुने विनोदपट, तियात्रांच्या तबकड्या. जानेवारी २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय फिल्म आर्काइव्हच्या नायट्रेट फितींना आग लागली तेव्हा मराठी माणसाने पाहिलं की साठवलेला सिनेमाही जातो. मग कुणीच न साठवलेल्या नाटकाचं काय होत असेल. अशा काही नाटकांची आज उपलब्ध असलेली एकमेव चित्रफीत म्हणजे कुणाच्या तरी घरातली ही ३५२ बाय २८८ ठिपक्यांची प्रत.

तेव्हा माळा साफ करणाऱ्याने गठ्ठा तसाच्या तसा रद्दीत देण्याआधी तो एकदा उलगडावा. हिंदीचे संच खुशाल जाऊ द्यावेत. मराठी नाटकं, बोलीतले चित्रपट, एनएफडीसी किंवा पॅलाडोरच्या डीव्हीडी बाजूला काढाव्यात. दोन सीडींच्या संचातल्या दोन्ही आहेत का पाहावं, कारण अर्ध्या संचाला गिऱ्हाईक नाही. आतला छापील कागद फेकू नये. श्रेयनामावली बहुतेक वेळा तेवढ्यावरच असते. लॅपटॉपला आता ड्राइव्ह येत नाही, पण यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइनही सहज मिळतो. तबकडी त्यावर अखेरपर्यंत चालवून पाहावी, आणि चालली तर विकताना चित्रपटाच्या नावाबरोबर कंपनीचं नाव आणि साल लिहावं. जाणकार गिऱ्हाईक किंमत विचारण्याआधी हेच दोन प्रश्न विचारतं.